पासंग

एकतीस वर्षं मी बाजारातले काटे तपासले.
कुओपिओच्या चौकात, उणे वीस अंशांत,
वजनांची पेटी कोटाआड धरून.
पितळ बोटांना चिकटायचं.
पारड्याखाली लावलेला मेणाचा पासंग
मी न वाकता, नुसत्या अंगठ्यानं ओळखायचे.
मासळीवाल्या ओस्मोचा काटा
किलोमागे चार ग्रॅम खोटा निघाला.
मी सील ठोकलं नाही.
वर्षभर त्यानं अबोला धरला,
मासे मात्र ताजेच दिले.

आता न्हाणीघरात काचेचा काटा आहे.
त्यात काटा कुठेच नाही, तरी नाव तेच.
मुलीनं ओउलूहून पाठवला, वाढदिवसाला.
अनवाणी उभं राहायचं.
मुंगी चढावी तेवढी वीज
एका तळव्यातून वर जाते, दुसऱ्यातून उतरते,
आणि वाटेत किती पाणी भेटलं
यावरून तुमची चरबी सांगते,
दशांशासकट.

उठल्याबरोबर : चौतीस पूर्णांक दोन.
सौनातून ओल्या पायांनी : एकतीस.
तासाभरानं, पाय कोरडे, घशाला कोरड : छत्तीस.
दोन पेले ताक पिऊन : पुन्हा वेगळंच.
एका गुरुवारात मी चार बायका झाले.
सगळं वहीत लिहिलं. सवय.
रोज तेवढंच खोटं बोलणारा काटा परवडतो,
त्याचं खोटं वजा करता येतं.
हा तर विचाराल तसं बोलणारा.

ऑक्टोबरात आर्मासची चरबी उतरू लागली.
अठ्ठावीस. सव्वीस. तेवीस.
वजन वाढत होतं,
पण काटा म्हणाला, स्नायू.
हिरवा गोल, त्यात हसरं तोंड.
एकाहत्तराव्या वर्षी स्नायू!
त्यानं मुलीला फोन करून सांगितलं.
लाकडं फोडताना धाप लागायची;
म्हणे, नवे आहेत, अजून सरावले नाहीत.
मोज्यांच्या रबराचा वळ
झोपेपर्यंत घोट्यावर तसाच असायचा.
मी बघितला. वहीत लिहिला नाही.
वहीत त्याच्यासाठी रकाना नव्हता.

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीपेक्षा लहान.
तिनं त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला.
कणकेत पडावा तसा खळगा, तसाच राहिला.
'हे पाणी आहे,' ती म्हणाली. 'हृदय दमलंय.'

विजेला पाणी आवडतं.
पाणी दिसलं की ती सुसाट सुटते
आणि काट्याला वाटतं, वा, काय कसलेला गडी!
हिरव्या हसऱ्या तोंडावर उभा राहून
माझा नवरा आतल्या आत बुडत होता,
आणि शेजारी मी, पेन्सिल घेऊन.

अकरा दिवसांत गोळ्यांनी नऊ किलो काढले.
घरी आला, काट्यावर चढला.
लाल गोल. तोंड वाकडं.
स्नायू घटले. चरबी तीस. व्यायाम वाढवा.
तो टबाच्या कडेवर बसून
खोकला येईपर्यंत हसला.

तळ्यात फेकावा म्हटलं,
पण कल्लावेसी गोठलं होतं.
मग माळ्यावरची पेटी काढली,
वीस किलोंची वजनं एकेक करून त्यावर मांडली.
तीस ग्रॅमांची चूक. एवढी चालते.
पितळेला त्यानं चरबी विचारली नाही.

म्हणून ठेवला आहे, फक्त वजनापुरता.
तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा,
असा दवाखान्याचा नियम.
आता आमची वजनं इतकी जवळ आली आहेत
की कधी कधी मी चढले तरी तो म्हणतो,
सुप्रभात, आर्मास.

चरबीच्या आकड्यावर कागदाची पट्टी डकवली आहे.
ती भिजते, मी नवी लावते.
मग खाली बसते, त्याची विजार वर सारते,
नडगीवर अंगठा दाबते, उचलते,
मनात मोजते.
एक. दोन.
खळगा भरून येतो.

'ठोकलंस का सील?' तो विचारतो, वरून.
'आजपुरतं,' मी म्हणते.